वाचकांचे प्रश्न : मीठ-पिठाची लटकने

डिसेंबरच्या अंकात या सदरात नाताळच्या झाडावर, दाराच्या चौकटीला किंवा खिडकीत टांगण्याजोगी लटकने घरच्या मैद्यापासून करण्याची कृती दिली होती. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि सुमारे पाऊण वाटी पाणी एवढेच तिचे साहित्य होते. हे पीठ आठ-दहा मिनिटे मळायचे, लाटून आकार कापायचे, टांगण्यासाठी भोक पाडायचे, पूर्ण वाळल्यावर रंगवायचे आणि शेवटी वॉर्निश लावायचे, असे तिचे स्वरूप होते. त्यावर आलेल्या पत्रांत रंगांविषयी थोडे आणि वाळण्याविषयी पुष्कळ विचारले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण या कामात बिघडते ते बहुधा वाळवताना किंवा वाळवल्यानंतर.

प्रश्न : नाताळासाठी केलेल्या चांदण्या आणि देवदूत मार्च-एप्रिलपर्यंत टणक होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मात्र ते हाताला ओलसर लागू लागले, कडा मऊ पडल्या आणि रंगावर पांढरी बुरशी आली. मीठ आमच्याच भागातील मिठागराचे होते. ते मिक्सरमधून बारीक करून घेतले होते. दोष वॉर्निशचा की कृतीचा? — एक वाचक, वसई

उत्तर : दोष मुख्यतः मिठाचा आहे. स्वच्छ मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कोरडे राहते. त्या मर्यादेच्या वर ते हवेतील बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. मुंबई, वसई आणि एकूणच कोकणपट्टीत पावसाळ्यात ही मर्यादा दिवसच्या दिवस ओलांडलेली असते, त्यामुळे आपली लटकने कितीही नीट वाळवलेली असली तरी जूनमध्ये त्यांना पाणी सुटणे स्वाभाविक होते. त्यात मिठागराच्या जाड्या मिठामध्ये समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियमचे क्षारही थोड्या प्रमाणात राहिलेले असतात. मॅग्नेशियम क्लोराइडला पाझरायला आर्द्रता 33 टक्क्यांच्या आसपास असली तरी पुरते, आणि एवढी आर्द्रता वसईत उन्हाळ्यातही असते. लोणच्याला ते मीठ उत्तम. या कामाला मात्र दुकानात पिशवीबंद मिळणारे, शुद्ध केलेले बारीक मीठच घ्यावे. त्यात आयोडीन असल्याने काही बिघडत नाही.

आपण ज्याला बुरशी म्हणता ती बहुतेक करून बुरशी नसावी. पिठातील ओल पृष्ठभागाकडे येताना विरघळलेले मीठ सोबत आणते आणि पाणी उडून गेले की मीठ रंगावर साचते. जुन्या भिंतीला लोणा लागतो तसाच हा प्रकार आहे. खात्री करायची असल्यास त्या पांढऱ्या पुडीवर ओल्या कापसाचे टोक टेकवावे. मीठ असेल तर ते लगेच विरघळून नाहीसे होईल. बुरशी असेल तर ती फासली जाईल आणि तिचा कुबट वास येईल. खरोखर बुरशी आलेले लटकन वाचवण्याच्या भानगडीत पडू नये, ते टाकून द्यावे.

वॉर्निशविषयीही थोडे सांगावे लागेल. बहुतेक जण पुढची रंगवलेली बाजू दोनदा चकचकीत करतात आणि मागची बाजू, कडा व दोऱ्याचे भोक तसेच ठेवतात. ओल तिथूनच शिरते. वॉर्निश सर्व बाजूंनी, भोकाच्या आतसुद्धा बारीक कुंचल्याने, दोन ते तीन हात द्यावे आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशपेक्षा टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारे तेली वॉर्निश या हवेत अधिक टिकते. ते मोठ्यांनी, खिडक्या उघड्या ठेवून लावावे. मात्र आतून ओलसर असलेल्या लटकनावर लावलेले वॉर्निश ओल बाहेर जाऊ देत नाही, आणि काही आठवड्यांनी तेच पापुद्र्यांनी सुटून येते.

सध्या मऊ पडलेली लटकने वाचवायची असतील तर मागच्या बाजूचे वॉर्निश पॉलिश पेपरने घासून काढावे, म्हणजे ओल बाहेर पडायला वाट होईल. मग ओव्हन 70 ते 80 अंश सेल्सिअसवर ठेवून ती जाळीवर पालथी मांडावी आणि दोन-तीन तास वाळवावीत. थंड झाल्यावर, त्याच दिवशी, पुन्हा वॉर्निश लावावे. त्यानंतर पावसाळाभर ती टांगून ठेवण्याचा मोह आवरावा. घट्ट झाकणाच्या डब्यात, प्रत्येकाला बटर पेपरचा वेगळा तुकडा गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावीत. वर्तमानपत्रात गुंडाळल्यास छपाईची शाई फिक्या रंगांवर उतरते.

प्रश्न : आमच्याकडे नेमकी उलट अडचण आहे. मे महिन्यात गच्चीवर पापडांसारखी वाळत घातली तर तासाभरात कडा वर उचलल्या गेल्या आणि मधोमध भेगा पडल्या. ओव्हनमध्ये करून पाहिली तर पुरीसारखी फुगली. — एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही प्रकारांत वरचा थर आतल्या थराच्या फार आधी वाळला आहे. उन्हात वरची बाजू सुकून आकसते, खालची ओलीच असते, म्हणून कडा उचलल्या जातात आणि ताण सहन न झाल्यास भेग पडते. ओव्हनमध्ये वरचा थर कडक होऊन बसतो आणि आत अडकलेल्या पाण्याची वाफ त्याला फुगवते. विदर्भाच्या मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की उन्हाची आपल्याला मुळीच गरज नाही. सावलीतला पंखासुद्धा मंद ठेवावा लागेल.

कापलेली लटकने पहिले बारा तास घरातच, वर पातळ सुती कापड टाकून ठेवावीत आणि दर तीन-चार तासांनी उलटावीत. त्यानंतर कापड काढून आणखी एक दिवस ठेवावीत. ओव्हन वापरायचा असेल तर तो यानंतरच, 90 ते 100 अंशांवर, दोन ते तीन तास, आणि निम्म्या वेळाने उलटून. ताटावर ठेवण्याऐवजी जाळीवर ठेवल्यास खालूनही हवा लागते. त्याहून जास्त उष्णतेने काम लवकर होते असे वाटते, पण मैद्याला बदामी रंग चढतो आणि फुगवटे येतात. मायक्रोवेव्हविषयी अनेकांनी विचारले आहे. त्यात पाणी एकदम तापत असल्याने फुगण्याचा धोका सर्वांत अधिक असतो, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही.

जाडीकडेही लक्ष द्यावे. 5 ते 6 मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. 1 सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास गाभा वाळायला फार वेळ लागतो आणि भेगा जवळजवळ निश्चित असतात. जाडी सर्वत्र सारखी यावी यासाठी पिठाच्या दोन्ही बाजूंना एकेक साधी पेन्सिल ठेवून लाटणे त्या दोन पेन्सिलींवरून फिरवावे. पेन्सिलीची जाडी सुमारे 7 मिलिमीटर असते आणि वाळल्यावर लटकन किंचित आकसते, त्यामुळे माप बरोबर जमते. पीठ दुमडून पुन्हा लाटताना घडीत हवा राहिली तर भेग नेमकी त्याच घडीवर पडते, म्हणून उरलेल्या कातरणी एकत्र करून नुसत्या दाबू नयेत, पुन्हा नीट मळाव्यात.

वाळले की नाही हे ओळखण्यासाठी लटकन नखाने टिचकावे. खणखणीत आवाज आला तर वाळले. आवाज बद्द आला किंवा मागची बाजू गालाला लावून गार वाटली तर आत अजून पाणी आहे. पडलेली बारीक भेग बुजवण्यासाठी वाळलेल्या पिठाची किसणीवर केलेली पूड पांढऱ्या गोंदात कालवून भरावी आणि सुकल्यावर घासावी. ओल्या पिठाने बुजवलेली भेग पुन्हा उघडते.

प्रश्न : मीठ गरम पाण्यात आधी विरघळवून घेतले तर पीठ अधिक गुळगुळीत होईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : सगळे मीठ विरघळणारच नाही. साध्या तापमानाला 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळते आणि उकळत्या पाण्यातही हा आकडा फार तर 39 पर्यंत जातो. आपल्या पाऊण वाटी पाण्यात, म्हणजे 150 मिलिलिटरमध्ये, 55 ग्रॅमच्या आसपास मीठ मुरेल. वाटीभर मिठाचे वजन त्याच्या चौपटीहून अधिक असते. उरलेले मीठ कणांच्याच रूपात पिठात राहते आणि म्हणूनच ते मुळात बारीक हवे. कोमट पाण्याने मैदा थोडा लवकर एकजीव होतो, एवढाच फायदा. पाणी एकदम ओतू नये, कारण प्रत्येक मैदा सारखे पाणी घेत नाही. पोळीच्या कणकेपेक्षा पीठ घट्ट असावे, पुरीच्या पिठासारखे.

प्रश्न : साचे आणि कटर विकत न घेता सुबक आकार आणि नक्षी कशी करता येईल? घरी नाती सुट्टीला येणार आहेत. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या स्वयंपाकघरात याची सोय हवी तेवढी आहे, किंबहुना बाजारातल्या कटरांनी सगळ्यांची लटकने एकाच तोंडवळ्याची होतात हे मला फारसे आवडत नाही. शंकरपाळ्यांच्या कातण्याने नागमोडी कडेचे चौकोन आणि पतंग निघतात. डब्यांच्या झाकणांनी आणि बाटल्यांच्या बुचांनी लहानमोठी वर्तुळे मिळतात. सोऱ्याला शेवेची ताटली लावून पीठ दाबले तर देवदूताचे केस, मेंढीची लोकर किंवा घरट्यातील काड्या तयार होतात. गोव्यात आणि वसईकडे नाताळात कुलकुल करताना पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळतात. तीच हातोटी वापरून शिंपले, सुरवंट आणि पाकळ्या करता येतात, आणि लहान मुलांना ती चटकन जमते.

नक्षीसाठी पानांचा ठसा उमटवावा. पानाची पाठ, म्हणजे शिरा वर आलेली बाजू, पिठाला लागेल अशी ठेवून लाटणे एकदाच, एकाच दिशेने फिरवावे आणि पान देठाकडून हळू उचलावे. कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता आणि नेचे यांचे ठसे उत्तम येतात; तुळशीचे पान कोवळे असल्यामुळे चेंगरते. जुन्या साडीचा जरीचा काठ, क्रोशाची झालर किंवा कापडावर छपाई करण्याचा लाकडी ठसा दाबला तरी बारीक नक्षी उतरते. ठसा चिकटू नये म्हणून त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरावे. तेल लावल्यास त्या जागी पुढे रंग धरत नाही. रंग देताना ठशाच्या खाचांत गडद रंग भरून वरचा ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्यावा, म्हणजे शीर न् शीर उठून दिसते. फडके पिळलेले असावे, कारण फार पाणी लागले की खालचे मीठ सुटते.

मोदकाचे आणि करंजीचे साचे वापरण्याबाबत मात्र सावध राहावे. मिठामुळे अॅल्युमिनियमच्या साच्याला खड्डे पडतात आणि पितळेचा साचा हिरवट होतो. प्लास्टिकचे किंवा लाकडाचे साचे घ्यावेत, आणि धातूचा वापरलाच तर लगेच धुऊन पुसून ठेवावा. हीच गोष्ट टांगण्याच्या तारेची: लोखंडी तार गंजून लटकनावर तांबूस डाग पाडते, तांब्याची तार हिरवी पडते. शीतपेयाच्या नळीने ओल्या पिठातच भोक पाडून नंतर सुती दोरा किंवा सुतळी ओवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. भोक कडेपासून किमान 1 सेंटिमीटर आत असावे.

प्रश्न : अन्नधान्य शोभेच्या वस्तूंसाठी वापरणे मनाला पटत नाही. ही परदेशी हौस आपण का उचलावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपली हरकत मी गांभीर्याने घेतो, पण ‘परदेशी हौस’ हे वर्णन अपुरे आहे असे मला वाटते. पिठाच्या आकृती करण्याची परंपरा जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आढळते आणि तिचे मूळ बहुधा हौसेत नसून विधीत असते. इक्वाडोरमध्ये किटो शहराजवळ काल्देरोन नावाचे गाव आहे. तिकडे 2 नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशी पावाच्या पिठाच्या बाहुल्या करण्याची प्रथा आहे आणि तिच्यातूनच त्या गावाचा रंगीत पिठाच्या मूर्तींचा व्यवसाय उभा राहिला. आज त्याच मूर्ती नाताळच्या झाडावर टांगण्यासाठी विकल्या जातात. चीनमध्ये गहू आणि चिकट तांदूळ यांच्या पिठाच्या रंगीत बाहुल्या करणारे कारागीर आजही आहेत. शानतुंग प्रांतातील हझचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. शिंजियांगमध्ये तुरफानजवळच्या अस्ताना येथील थडग्यांत तर थांग राजवटीच्या काळातील, म्हणजे 618 ते 907 या वर्षांमधील, पिठाच्या आकृती सापडल्या आहेत. हजार वर्षांहून अधिक काळ त्या टिकल्या, कारण तुरफानचे खोरे चीनमधील सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक आहे. वसईच्या पत्रलेखकांनी हे वाचून फार हळहळू नये.

जर्मनीत मीठ-पिठाच्या कामाला स्वतंत्र नावच आहे, आणि नाताळची मीठ-पिठाची लटकने आपल्याकडे माहीत झाली ती बरीचशी युरोप-अमेरिकेतील घरगुती हस्तकलेतून, हे मान्य. पण आपल्याकडेही दीप अमावास्येला कणकेचे दिवे करतात आणि लग्नाच्या रुखवतात खाण्याच्या पदार्थांपासून सजावट रचण्याची हौस जुनी आहे. फरक एवढाच की आपले दिवे नंतर खाल्ले जातात. तेव्हा मुद्दा धान्य वाया जाण्याचा असेल तर जुने, किडे झालेले पीठ यासाठी वापरावे: ते चाळून, दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा चाळावे. मात्र बुरशी लागलेले किंवा कुबट वास येणारे पीठ घेऊ नये. एवढ्यानेही मन राजी होत नसेल तर ही कला न केल्याने काही बिघडत नाही. शाडूची माती आहेच.

प्रश्न : मग मिठाच्या पिठाचे दीप अमावास्येचे दिवे करून कायमचे ठेवता येतील का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : शोभेसाठी ठेवता येतील, पेटवण्यासाठी नाही. वॉर्निश ज्वलनशील असते, आणि वॉर्निश न लावलेला दिवा तेल शोषून घेतो.

प्रश्न : नातवाच्या बोरनहाणाला हलव्याच्या दागिन्यांऐवजी पिठाचे दागिने करावेत असे मनात आहे. ते पुढे आठवण म्हणून ठेवता येतील. बाळ आठ महिन्यांचे आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपया करू नयेत. त्या वयाचे मूल हाती लागेल ते तोंडात घालते आणि वाळलेल्या पिठात जवळजवळ निम्मे वजन मिठाचे असते. तेवढे मीठ थोड्या प्रमाणात पोटात गेले तरी तान्ह्या मुलाला घातक ठरू शकते. शिवाय तुटलेला मणी घशात अडकण्याची भीती आहे. हलव्याचे दागिनेसुद्धा बाळाच्या अंगावर थोडाच वेळ, मोठ्यांच्या नजरेखाली असावेत. आठवण हवी असेल तर त्याच पिठावर बाळाच्या तळव्याचा ठसा घ्यावा: हात क्षणभर दाबून लगेच कोमट पाण्याने धुवावा, आणि वाळलेला ठसा उंचावर टांगावा. घरात कुत्रा असल्यास त्याच्यापासूनही ही लटकने दूर ठेवावीत. वास आणि चव यांमुळे कुत्री ती खातात आणि त्यांना मिठाची गंभीर विषबाधा होते. ओले पीठही उघडे ठेवू नये.

प्रश्न : याच पिठाचे कानातले आणि गळ्यातले करून नवरात्रात घालता येईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : मीठ-पीठ जड असते आणि घामाने सुटते, त्यामुळे अंगावर घालण्यास ते योग्य नाही. त्यासाठी कॉर्नफ्लोअर आणि पांढरा गोंद यांचे पीठ करावे. एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद, दोन चमचे तेल आणि दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागले की उतरवावे, हाताला थोडे क्रीम लावून गरम असतानाच मळावे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावे. आच जास्त झाली तर गाठी होतात आणि पीठ पुढे तडकते. हे पीठ ओव्हनमध्ये घालू नये, ते हवेवरच वाळते. यात पाकळ्या अगदी कागदासारख्या पातळ करता येतात, पण वाळताना ते बरेच आकसते, म्हणून आकार हवा त्यापेक्षा थोडा मोठा घ्यावा. रंग पीठ मळतानाच मिसळला तर वाळल्यावर तो अधिक गडद होतो, हे लक्षात ठेवून फिकाच ठेवावा. ज्या भांड्यात हे शिजवाल ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

प्रश्न : शाळेत चाळीस मुलांकडून ही लटकने करून घ्यायची आहेत. ओव्हन नाही आणि तास पस्तीस मिनिटांचा आहे. — एक शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : हे काम एका तासात बसणार नाही, दोन तास, मध्ये आठवड्याचे अंतर ठेवून घ्यावेत. दोन वाट्या मैद्याच्या पिठात 6 सेंटिमीटर व्यासाची वीस-पंचवीस लटकने होतात, तेव्हा सर्व साहित्य दुप्पट घ्यावे. पीठ आदल्या रात्री मळून हवाबंद डब्यात ठेवता येते. सकाळी ते किंचित सैल झालेले असेल, तर मूठभर मैदा लावून पुन्हा मळावे. प्रत्येक मुलाला बटर पेपरचा चौकोन द्यावा आणि त्यावर आधीच नाव लिहून घ्यावे, म्हणजे लटकन न उचलता कागदासकट वाळायला ठेवता येईल आणि नंतर भांडणे होणार नाहीत. हातावर जखम किंवा खरचटलेले असलेल्या मुलांना मीठ झोंबते. त्यांना लाटण्याऐवजी पानांचे ठसे निवडण्याचे काम द्यावे. हे सारे जानेवारी-फेब्रुवारीत करावे. जुलैमध्ये ओव्हनशिवाय डोंबिवलीत ती आठवड्यात वाळणार नाहीत.

प्रश्न : हिवाळ्यात इथे घर तापवलेले असते आणि लटकने दोन दिवसांत सुरेख वाळतात. ती भारतात नातेवाइकांना भेट म्हणून आणायची आहेत. कशी आणावीत? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तापवलेल्या घरातील हवा फार कोरडी असते, म्हणून नागपूरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पहिले बारा तास ती झाकूनच ठेवावीत. निघण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी सर्व बाजूंनी तेली वॉर्निश देऊन ते पूर्ण वाळू द्यावे. बटर पेपरमध्ये गुंडाळून कडक डब्यात, दोन लटकनांमध्ये मऊ कापड घालून, ती हातातील सामानात आणावीत. सामानाच्या पेटीत टोके आणि पंख हमखास मोडतात. दालचिनीची पूड आणि सफरचंदाचा गर मळून करतात ती तपकिरी, सुवासिक लटकने वजनाला हलकी असतात आणि त्यांत मीठ नसल्याने पाणी सुटत नाही. तिकडे दोन्ही वस्तू सहज मिळत असतील तर भेटीसाठी तीच करावीत. ज्यांच्या घरी ती जाणार आहेत ते किनारपट्टीवर राहत असतील तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि मेअखेर लटकने उतरवून त्याच डब्यात ठेवावीत, अशी चिठ्ठी सोबत द्यावी.